व्हिडिओ लॅरिंगोस्कोप: कपाटात ठेवायचा की रोज हातात घ्यायचा?

भूलवाला_ठाणे

मुंबई-ठाण्यात या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये फिरणाऱ्या आम्हा भूलतज्ज्ञांच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे: स्वतःचा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घ्यावा का? तिथे निम्मे मेसेज गुड मॉर्निंगचे असतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो. इथले डॉक्टर नसलेले वाचकही प्रश्न चांगले विचारतात.

आधी त्यांच्यासाठी थोडं. पूर्ण भूल देताना स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो. मग श्वासनलिकेत ट्यूब टाकून (हेच इंट्युबेशन) मशीनने श्वास द्यायचा. ती कुठे टाकायची हे दिसावं म्हणून जीभ उचलून बाजूला धरणारं पातं म्हणजे लॅरिंगोस्कोप. आपण आजही वापरतो ते वाकडं पातं ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ साली आणलं. त्याची अट एकच, आपला डोळा आणि पेशंटचं स्वरयंत्र एका सरळ रेषेत यायला हवं. हनुवटी आत, जीभ मोठी, मान आखडलेली, दात पुढे, की ही रेष जुळत नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये (आम्ही त्याला व्हीएल म्हणतो) कॅमेरा पात्याच्या टोकाजवळ असतो, म्हणजे डोळाच वळणापलीकडे नेऊन ठेवलेला. कॅनडातले सर्जन जॉन पेसी यांचा ग्लायडस्कोप २००१ मध्ये आला आणि मग सीमॅक, मॅकग्रा, किंग व्हिजन अशी रांगच लागली.

आता माझं म्हणणं. ज्या हॉस्पिटलांत व्हीएल आहे, तिथेही तो 'डिफिकल्ट एअरवे'च्या, म्हणजे ट्यूब टाकायला अवघड पेशंटच्या, नावाखाली कपाटात असतो. किल्ली सिस्टरकडे आणि सिस्टर जेवायला. मॅकिंटॉशने दोनदा प्रयत्न झाले, घशात सूज आली, थोडं रक्त आलं, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरायला लागलं, की मग तो बाहेर निघतो. चालवणाऱ्याने त्याआधी तो कधी वापरला, तर कॉन्फरन्समध्ये पुतळ्यावर! मग 'व्हीएलनेही जमलं नाही' असं नोटमध्ये लिहिलं जातं.

अवघड केस आधी ओळखू आणि तेव्हाच काढू, हा हिशोबही फसवा आहे. तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावतो ती मल्लमपट्टी कसोटी आंध्रात जन्मलेल्या आणि बोस्टनमध्ये काम केलेल्या मल्लमपट्टींनी १९८५ च्या लेखात मांडली. हनुवटी ते गळ्याची घाटी हे अंतर मोजतो त्याला पाटील टेस्ट म्हणतात. दोन्ही करायच्याच, पण त्यांच्यावर विसंबायचं नाही. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींतून २०१५ मध्ये आलेला अभ्यास पाहा. अवघड ठरलेल्या ३३९१ इंट्युबेशनपैकी ३१५४, म्हणजे ९३ टक्के, आधी कोणालाच अवघड वाटली नव्हती. अवघड केस सांगून येत नसेल, तर अवघड केससाठी राखून ठेवलेलं यंत्र नेमकं कधी काढायचं?

म्हणून सोप्या केसवर रोज वापरावा असं माझं मत आहे. कारण यात हाताचं कसब वेगळं लागतं. मॅकिंटॉशमध्ये दिसलं की ट्यूब बहुधा जातेच. ग्लायडस्कोप किंवा सीमॅकचा डी-ब्लेड अशा जास्त वाकलेल्या पात्यांत स्वरयंत्र स्क्रीनवर छान दिसतं आणि ट्यूब मात्र पुढच्या भिंतीला अडून बसते. नवख्या माणसाचा घाम इथेच निघतो. ट्यूबमध्ये स्टायलेट (वाकवता येणारी तार) घालून तिला पात्याइतकाच बाक द्यावा लागतो. आणि एक गोष्ट पुस्तक वाचून गळी उतरत नाही: नजारा फार सुंदर दिसत असेल तर मुद्दाम थोडा बिघडवायचा. पातं जरा मागे घेतलं की स्वरयंत्र स्क्रीनच्या वरच्या भागात जातं आणि ट्यूबला वळायला जागा मिळते. टोक कॉर्ड्सच्या (स्वरतंतूंच्या) तोंडाशी पोचलं की मदतनिसाला स्टायलेट थोडा मागे ओढायला सांगायचा आणि ट्यूब हलकी फिरवत पुढे सरकवायची.

दुसरी खोड म्हणजे नजर स्क्रीनला चिकटते. पातं घालताना तोंडात बघायचं, मग स्क्रीनवर, ट्यूब घालताना पुन्हा तोंडात, मग पुन्हा स्क्रीनवर. मधली पायरी गाळली तर ट्यूबचं टोक टॉन्सिलच्या कमानीत किंवा मऊ टाळूत घुसतं आणि स्क्रीनवर त्याचा पत्ताच नसतो.

तुमचे अनुभव लिहा. विक्रेत्यांनी कृपया लांब राहावं.

---

गिरगावची_मंजू

डॉक्टर नाही, तरी पूर्ण वाचलं. माझ्या धाकट्या भावाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणे, त्याला मिळायचा कधी थांबला नाही. आता गालाच्या आतल्या जखमेचं ऑपरेशन सांगितलंय. कॅमेरावाल्या यंत्राने त्याचं काम होईल ना?

---

परळचा_पाहुणा

मंजूताई, बहुधा नाही, आणि भूलवाला यांनी हे मूळ लेखात लिहायला हवं होतं. कॅमेरा वळणापलीकडे बघतो खरा, पण पातं आत जायला दार तरी उघडायला हवं. पातळातल्या पातळ पात्यालाही साधारण दीड-दोन सेंटिमीटरची फट लागते, वर ट्यूबला जागा वेगळी. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतलं अस्तर चामड्यासारखं घट्ट होतं, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधानेही ते सुटत नाही, कारण अडचण स्नायूची नसतेच. बाहेरून येणारे रेसिडेंट इथे हमखास फसतात. 'औषध दिलं की उघडेल' म्हणतात. नाही उघडत.

परळला टाटामध्ये तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं कायम चालू असतात. गालाचा कॅन्सर, त्यावर रेडिएशन, पुन्हा उगवलेली गाठ, मांडीचं किंवा छातीचं मांस लावलेलं. अशा पेशंटला जागेपणी नाकातून फायबरऑप्टिक स्कोपने (बारीक, लवचिक दुर्बिणीने) ट्यूब टाकणं हाच भरवशाचा रस्ता. हे तंत्र लंडनच्या पीटर मर्फी यांनी १९६७ मध्ये मांडलं, तेही पित्तनलिका बघायचा स्कोप उसना घेऊन.

तुमच्या भावाला सांगा, 'जागेपणी' ऐकून घाबरू नकोस. नाकात थेंब घालतात, घसा लिग्नोकेनने बधिर करतात, हलकी गुंगी देतात. श्वास त्याचा तोच घेत असतो, म्हणूनच ते सुरक्षित. तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञांना तोंड किती उघडतं ते आपणहून दाखवायला लावा. पुष्कळ जण तंबाखूची लाज वाटून लपवतात.

---

गिरगावची_मंजू

धन्यवाद. लपवतोच तो. आईसमोर तर जेवतही नाही नीट, घास बारीक करावा लागतो ते दिसेल म्हणून. मीच बरोबर जाईन.

---

जुना_हॅलोथेन

आमच्या वेळी एलएमए (घशात बसवायचा मास्क) पण नव्हता. हॅलोथेन या भुलीच्या जुन्या औषधावर पेशंटचा श्वास चालू ठेवायचा आणि नाकातल्या ट्यूबला कान लावून श्वासाच्या आवाजावर ती पुढे सरकवायची. ब्लाइंड नेझल. आजच्या पोरांना ऐकूनही माहीत नसेल.

व्हीएलला माझा विरोध नाही, पण 'रोज वापरा' याला आहे. रोज व्हीएल वापरणाऱ्या मुलाच्या हातात एखाद्या रात्री फक्त मॅकिंटॉश आला तर तो काय करणार? कॅमेऱ्यावर रक्ताचा एक थेंब पडला की तुमचा लाखांचा सिनेमा बंद. उलटी झालेला पेशंट, जबडा फुटलेला बाइकवाला, तिथे मला माझे डोळे आणि जोरदार सक्शन पुरे. आणि बॅटरी? १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या मुंबईची वीज गेली होती, आठवतंय का?

---

ओटीतली_अवनी

सर, तुमचा मान राखून, पण मॅकिंटॉशचा बल्बही ऐन वेळी लुकलुकतो आणि मामा त्याला चापट मारून पेटवतात. बॅटरी चार्ज आहे का हे सकाळी मशीन चेक करतानाच बघायचं. त्याला ग्रिड कशाला आठवायला हवं?

मी महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात रेसिडेंट आहे, कुठलं ते विचारू नका. ओट्या (ऑपरेशन थिएटर) डझनावारी आणि व्हीएल एक, त्यातून तो बहुतेक वेळा इमर्जन्सी ओटीत. तरी ज्या दिवशी तो आमच्या टेबलवर असतो त्या दिवशी शिकायला मिळतं ते महिनाभरात मिळत नाही. पूर्वी मॅडम खांद्यामागून विचारायच्या, 'दिसतंय का गं?' मी म्हणायचे, 'दिसतंय मॅडम.' मला काय दिसत होतं ते त्यांना कळायला मार्ग नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. आता दोघींना एकच चित्र दिसतं. 'तू फार आत गेलीस, ती अन्ननलिका आहे, हळूहळू मागे ये, हं, आता एपिग्लॉटिस पडला बघ.' (एपिग्लॉटिस म्हणजे स्वरयंत्रावरचं झाकण.) आणि सीमॅकचं साधं पातं घेतलं तर ते मॅकिंटॉशच्याच आकाराचं असतं. स्क्रीन मॅडमकडे फिरवायची, मी थेट तोंडात बघायचं. म्हणजे जुनं कसबही त्याच यंत्रावर शिकता येतं. सर, तुमची भीती जास्त वाकलेल्या पात्यांबद्दल बरोबर आहे, सगळ्या व्हीएलबद्दल नाही.

---

जुना_हॅलोथेन

हे साधं पातं आणि वाकलेलं पातं वेगळं धरायचं मान्य. सक्शनचं तेवढं विसरू नका.

---

भूलवाला_ठाणे

परळचा_पाहुणा, बरोबर, तोंडाच्या फटीचं लिहायला हवं होतं.

हॅलोथेन सर, रक्त-उलटीत कॅमेरा आंधळा होतो हे खरंच. त्यावर थोडंफार जमतं: सक्शनची नळी आधी, पातं तिच्या मागून, आणि टोक घशाच्या मागच्या भिंतीपासून वर उचललेलं ठेवायचं. धुक्याचा प्रश्न मात्र फुकटात सुटतो. यंत्र दोन मिनिटं आधी चालू करून ठेवलं की बऱ्याच मॉडेलची काच गरम होते. नाहीतर पातं कोमट सलाइनमध्ये बुडवायचं.

---

आयसीयू_रातपाळी

आकडे कोणीच टाकले नाहीत, म्हणून मी टाकतो. २०२२ च्या कोक्रेन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) २२२ अभ्यास आणि २६,१४९ पेशंट आहेत. निष्कर्ष व्हीएलच्या बाजूने: इंट्युबेशन फसण्याचं प्रमाण बहुधा कमी, पहिल्या प्रयत्नात जमण्याचं जास्त. अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत आणि आयसीयूंत झालेली डिव्हाइस ट्रायल २०२३ ची, १४१७ पेशंट. पहिल्याच प्रयत्नात यश व्हीएलने ८५.१ टक्के, थेट बघून ७०.८. ओटीतलं हवं असेल तर क्लीव्हलँड क्लिनिकचा २०२४ चा अभ्यास बघा. एकापेक्षा जास्त प्रयत्न लागले ते व्हीएलमध्ये १.७ टक्के, थेट बघून ७.६.

आता उलटा. २०१७ मध्ये फ्रान्सच्या आयसीयूंतल्या ३७१ पेशंटवर मॅकमन ट्रायल झाली. व्हीएलने स्वरयंत्र जास्त चांगलं दिसलं, पण पहिल्या प्रयत्नात ट्यूब गेली ६७.७ टक्क्यांत, आणि थेट बघून ७०.३ टक्क्यांत. म्हणजे फरक नाहीच. वर जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंती व्हीएलच्या गटात जास्त. ट्यूब टाकणारे बहुतेक नवखे होते. भूलवाला जे लिहितायत, की दिसणं वेगळं आणि ट्यूब जाणं वेगळं, ते इथे आकड्यांत दिसतं. छान चित्र समोर असलं की माणूस 'आता जाईल, आता जाईल' म्हणत रेंगाळतो आणि सॅच्युरेशनकडे कोणाचं लक्ष नसतं. आमच्या आयसीयूत म्हणून नियम आहे, एक जण फक्त मॉनिटर बघणार आणि मोठ्याने आकडा म्हणणार. ९५ च्या खाली गेलं की पातं बाहेर, मास्कने ऑक्सिजन द्यायचा. आयडाच्या (अवघड श्वासमार्गावर काम करणारी भारतीय संघटना) २०१६ च्या गाइडलाइनमध्येही पुढचा प्रयत्न सॅच्युरेशन ९५ किंवा वर असेल तरच आहे, शिवाय ट्यूब टाकताना नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालू ठेवा असं सांगितलंय. नाकातली साधी नळी आहे, कुठल्याही नर्सिंग होममध्ये मिळते. तरी कितीजण लावतात?

---

बटाटेवडा_एक्सप्रेस

प्रश्न साधा आहे. हे यंत्र वापरलं म्हणून बिलात वेगळी ओळ येणार का?

---

भूलवाला_ठाणे

काही ठिकाणी एकदाच वापरायच्या पात्याचा खर्च लावतात, काही ठिकाणी नाही. आधी विचारा, त्यात कसला संकोच. मी स्वतः घेतला तर वेगळा आकार लावणार नाही, कारण मला तो रोज वापरायचाय. वेगळा आकार लागला की सर्जन म्हणणार, 'अहो, साध्यानेच करा ना,' आणि यंत्र पुन्हा कपाटात.

---

नळी_आणि_चाकू

कान-नाक-घशाचा सर्जन आहे. तुम्ही लोक एकमेकांच्या पात्यांवर भांडत असताना मला आठवडाभर हातमोजे घालून दारात उभं केलं जातं, म्हणून लिहितो.

मला बोलवायचं तर आधी बोलवा. सॅच्युरेशन साठवर आल्यावर नको. अवघड वाटणाऱ्या पेशंटची भूल सुरू करायच्या आधी बोटाने चाचपून, मान जाड असेल तर सोनोग्राफीने, क्रिकोथायरॉइड पडदा (गळ्याच्या घाटीखालचा, शेवटचा उपाय म्हणून इथेच छेद देऊन ट्यूब टाकतात) कुठे आहे त्याची मार्करने खूण करून ठेवा. खूण करायला तीस सेकंद लागतात. डासच्या, म्हणजे ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या, २०१५ च्या गाइडलाइनमध्ये ट्यूबही जात नाही आणि ऑक्सिजनही जात नाही अशा वेळचं सामान किती साधं आहे बघा: १० नंबरचं ब्लेड, एक बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी), ६ नंबरची कफवाली ट्यूब. महागडी किट काही नाही. हे तीन नग एका पिशवीत घालून मशीनला चिकटपट्टीने लावून ठेवा. आणि लॅरिंगोस्कोपीचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन, चौथा फक्त जास्त अनुभवी माणसाने. मी दारात उभा राहून सहा-सात प्रयत्न होताना पाहिलेत. दर वेळी पातं बदलतं, माणूस मात्र तोच.

---

ओटीतली_अवनी

पातं बदलतं, माणूस तोच. +१००.

---

वायर_सोल्डर

बायोमेडिकलमध्ये आहे. कोविडच्या वेळी बऱ्याच डॉक्टरांनी ऑनलाइन मिळणारा, गटार-पाइप तपासायचा यूएसबी कॅमेरा मॅकिंटॉशच्या पात्याला चिकटवून फोनवर चित्र बघायला सुरुवात केली. तेव्हा पेशंटच्या तोंडापासून लांब राहायचं होतं आणि खरे व्हीएल मिळत नव्हते. कल्पना झकास. पण आता तेच कायमचं चालू ठेवलेलं दिसतं, म्हणून दोन गोष्टी. तो कॅमेरा निर्जंतुक करायला बनवलेला नसतो. सायडेक्स या जंतुनाशकात बुडवला की काही दिवसांत काच दुधी होते आणि सांध्यांतून पाणी शिरतं. आणि श्रिंक ट्यूबने किंवा टेपने बसवलेला कॅमेरा घशात सुटला तर काय, याचा विचार कोणीच केलेला नसतो.

ब्रँडेड यंत्रांतही धुण्याची पद्धत एकसारखी नाही. काही पाती ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घातली की कॅमेरा मेलाच. मावशी प्रेमाने सगळं एकाच ड्रममध्ये घालतात. घेताना विक्रेत्याकडून साफसफाईचा कागद मराठीत लिहून घ्या आणि सिंकवर चिकटवा.

हातात धरायचे, छोट्या स्क्रीनचे देशी आणि चिनी व्हीएल आता मोठ्या सेटच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळतात. घेण्याआधी तीन गोष्टी बघा: अंधाऱ्या ओटीत आणि लख्ख दिव्याखाली चित्र कसं दिसतं, पातं किती जाड आहे, आणि दोन वर्षांनी त्याच मापाची पाती मिळणार आहेत का. तिसऱ्यावर बहुतेक विक्रेते विषय बदलतात.

---

सिझर_स्पेशल

सिझरबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे जवळपास सगळं स्पायनलवर होतं, त्यामुळे गरोदर बाईला पूर्ण भूल द्यायची वेळ क्वचित येते आणि येते ती रात्री दोन वाजता, बाळाचे ठोके पडलेले असताना. गरोदरपणात घशाला सूज, छाती भरलेली म्हणून पात्याची मूठ अडकते, आणि ऑक्सिजनचा साठा भराभर संपतो. ट्यूब न जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त. इथे आखूड मुठीचा व्हीएल पहिल्याच प्रयत्नाला हातात असावा असं माझं ठाम मत आहे. मॅकिंटॉशने एकदा बघू आणि मग, हे इथे नको. आणि चादरींच्या घड्या घालून डोकं-खांदे उचला, कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका पातळीत येईपर्यंत. यंत्र कोणतंही असो, निम्मं काम तिथेच होतं.

---

भूलवाला_ठाणे

पूर्ण सहमत. एक भर घालतो: ट्यूब कॉर्ड्समधून जाताना स्क्रीनवर दिसली तरी कॅप्नोग्राफवर (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) लाटा सलग येईपर्यंत ती श्वासनलिकेत आहे असं मानायचं नाही. ज्या नर्सिंग होममध्ये कॅप्नोग्राफ नाही, तिथल्या मालकांना व्हीएलसाठी नाही, आधी कॅप्नोग्राफसाठी गळ घाला. माझंही बजेट त्याच क्रमाने आहे. पोर्टेबल कॅप्नो बॅगेत आहे, आता साध्या आणि वाकलेल्या दोन्ही पात्यांचा हँडहेल्ड व्हीएल घेतोय. दोन्ही पाती एकाच मुठीवर बसतील असा.

---

डोंबिवलीचा_मुलगा

उशिरा आलो. वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, 'ट्यूब टाकायला त्रास झाला, पुढच्या वेळी सांगा.' नक्की काय सांगायचं? आम्हाला लेखी काहीच दिलं नाही.

---

परळचा_पाहुणा

त्याच भूलतज्ज्ञांकडून लेखी मागून घ्या, हा तुमचा हक्क आहे आणि बहुतेक जण आनंदाने देतात. कागदावर एवढं हवं: मास्कने श्वास देता येत होता की नाही, साध्या पात्याने कॉर्मॅक-लेहेनची कितवी ग्रेड दिसली (म्हणजे स्वरयंत्र कितपत दिसलं), किती प्रयत्न झाले, शेवटी ट्यूब कशाने गेली, म्हणजे बूजी, व्हीएलचं कुठलं पातं की फायबरऑप्टिक, आणि ट्यूबचा नंबर. मास्कने श्वास देता येत होता ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या डॉक्टरला झोपवून ट्यूब टाकायची की जागेपणी, ते त्यावर ठरतं. फाइलमध्ये ठेवा, फोनमध्ये फोटो ठेवा आणि घरात अजून एकाला पाठवून ठेवा. कवळी किंवा हलणारा दात असेल तर तेही त्यातच लिहून घ्या.